आमच्या बैलाचं जू

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी क्लास भरवायचा म्हणजे अर्धे बाक रिकामे, हे परभणीत शिकवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. साठातली पंचवीसेक पोरं आली होती, तीही पुरणपोळीच्या सुस्तीत. सोडून द्यावं असं वाटत होतं, पण स्टाफ सिलेक्शनची परीक्षा तोंडावर आलेली. पहिल्या पेपरात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण, आणि एक उत्तर चुकलं की अर्धा गुण जातो. मराठी माध्यमातून आलेली पोरं गणितात कुणाला हार जात नाहीत, इथं मात्र आपटतात.

माझी पद्धत साधी होती. रोज वीस अवघड शब्द फळ्यावर, समोर मराठी अर्थ, दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. गंमत अशी की गाइडातले मराठी अर्थसुद्धा पोरांना परकेच. ‘सबज्युगेट’ म्हणजे अंकित करणे, वशीभूत करणे. आता अंकित म्हणजे काय विचारलं, तर अर्धा वर्ग दुसऱ्या बाकावरच्या अंकिताकडे बघतो. एक कुलूप उघडायला दुसरं कुलूपच हातात द्यायचं, असला प्रकार. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकानं १८८५ साली निरर्थक अक्षरं पाठ करून दाखवलं होतं, की एका दिवसात त्यातलं जवळपास दोन तृतीयांश उडून जातं. माझ्या वर्गात हा प्रयोग रोज फुकट चालायचा.

त्या दिवशीच्या वीसांत ‘सबज्युगेट’ होता. मी शब्द फोडून दाखवला: ‘सब’ म्हणजे खाली, ‘जुगम’ म्हणजे जोखड. लॅटिन. पुढच्या शब्दाकडे वळणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

“सर, हे जुगम म्हणजे आमच्या बैलाचं जू हाय का?”

ही मुलगी पाथरीकडच्या एका खेड्यातून एसटीनं यायची. सहा महिन्यांत हजेरीपलीकडे तिचा आवाज मी ऐकला नव्हता. आणि मी काय बोललो असेन?

“अगं, हे लॅटिन आहे. रोमहून आलंय, तुझ्या गोठ्यातून नाही.”

वर्ग खो खो हसला. मलाही माझ्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. ती खाली बसली आणि तास पुढे गेला.

तास सुटल्यावर वह्या तपासायला घेतल्या. तिच्या वहीत ‘सबज्युगेट’पुढे अर्थाच्या जागी पेन्सिलीनं एक छोटं चित्र होतं. आडवं जू, दोन्ही टोकांना शिवळा म्हणजे खुंट्या, खाली दोन बैलांच्या माना. कडेला बारीक अक्षरात ‘परवा खांदमळण. बाबांनी तूप-हळद लावली.’ आणि या सगळ्यावर पेनानं दोन फुल्या. त्या फुल्या हसण्यानंतरच्या होत्या, हे कळायला शिक्षक असायची गरज नव्हती.

चहा तसाच राहिला. कपाटातला व्युत्पत्तीचा जाड कोश काढला. लॅटिन ‘जुगम’, जुन्या रोमन उच्चारात ‘युगुम’. पुढे नातेवाईक दिले होते: इंग्रजी ‘योक’, ग्रीक ‘झुगोन’, संस्कृत ‘युग’. आणि संस्कृतातलं हे युग म्हणजे सत्ययुग-कलियुगाच्याही आधी बैलांच्या मानेवरचं जू. मराठी ‘जू’ त्याचंच लेकरू. पोरगी शंभर टक्के बरोबर होती.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. भाषापंडित विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे केलेलं भाषण एम.ए.ला मी दहा मार्कांसाठी लिहिलं होतं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून फुटल्या असाव्यात, वगैरे. ते ज्ञान उत्तरपत्रिकेला बांधून विद्यापीठाला परत करून टाकलं होतं, बहुतेक.

चार वाजता त्याच बॅचचा गणिताचा तास असतो. गणिताच्या सरांकडून दहा मिनिटं मागून घेतली.

“सकाळी मी चुकलो,” वर्गात शिरताच सांगितलं. “ते बैलाचंच जू आहे. ये, फळ्यावर काढून दाखव.”

ती आधी उठेचना. उठली तेव्हा मात्र चित्र असं सफाईनं काढलं की मागची पोरं बाकावर चढून बघू लागली. शिवळ कुठं बसते, दोरी गळ्याखालून कशी घेतात, जू घासून खांद्याला घट्टा कसा पडतो आणि म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे का मळतात, सगळं तिनं सांगितलं. शहरातल्या दोघा-तिघांनी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मग मी रोमनांची गोष्ट सांगितली. हरलेल्या सैनिकांना जुवाखालून वाकून जायला लावायचे. दोन भाले उभे, त्यांच्यावर एक आडवा, हेच जू. इसवी सनापूर्वी ३२१ साली सॅम्नाइट लोकांनी खुद्द रोमन फौजेलाच असं काढलं. मान वाकवून जुवाखाली जायला लावणं, ते ‘सबज्युगेट’.

“म्हणजे माणसांना जुंपलं,” ती म्हणाली. अंकित आणि वशीभूत त्याच क्षणी फळ्यावरून पुसले.

‘कॉन्ज्युगल’ म्हणजे वैवाहिक, एका जुवातली जोडी, म्हटल्यावर तर हशाच पिकला. यादीतल्या ‘नॉक्टर्नल’वर एक पोरगा म्हणाला, “सर, आमची आजी श्रावण सोमवारी नक्त करती, रातीच जेवती.” तेच ते. संस्कृतात नक्त म्हणजे रात्र. ‘इग्नाइट’मध्ये अग्नी, ‘डेंटल’मध्ये दंत. मुंगूस तर मराठीतूनच इंग्रजीत जाऊन ‘मंगूस’ झालं, हे ऐकून उगाचच टाळ्या पडल्या.

मग पोरं सुटली. ‘बॅड’ म्हणजे बदनाममधला बद! ‘डे’ म्हणजे दिवस! इथं मला आडवं पडावं लागलं. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचं काहीही नातं नाही, निव्वळ योगायोग. दिवसाचा भाऊ ‘डाययर्नल’मध्ये, म्हणजे दिवसा होणाऱ्यात, आहे, ‘डे’मध्ये नाही. दिसायला सारखी म्हणून सोयरीक जुळत नाही. कोश उघडावाच लागतो. हे सांगताना सकाळचं माझंच वागणं आठवलं, कारण मीही कोश न उघडताच निकाल दिला होता. तोवर पाऊण तास उलटला होता आणि गणिताचे सर खडू घेऊन दारात उभे होते.

पोरं वह्या-पिशव्या आवरत असताना ती टेबलाशी आली.

“सर, जुंपायचं कळलं. मग औत सोडायला काय म्हणायचं?”

“उद्या सांगतो,” म्हटलं. तिला साडेपाचची गाडी गाठायची होती.

रात्री परत कोश काढला. लॅटिनमध्ये बैल जुवातून सोडण्यासाठी वेगळं क्रियापदच होतं, ‘डिसजॉइन’ त्यातूनच आलेला. तिची वही अजून माझ्याकडेच होती. फुल्या मारलेल्या चित्राखाली तो शब्द लिहिला आणि मराठी अर्थाची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली.