पाहुण्यांची गाडी गेल्यावर

कर्नाटकच्या सीमाभागातल्या निपाणीत जूनमधल्या एखाद्या रविवारी, पेरणीचा पाऊस नेमका गाठून, आमच्या मंडळाचा शिष्यवृत्ती मेळावा भरतो. तारीख पुढे ढकलता येत नाही. दहावीचा निकाल मे महिन्यात हातात पडतो, लगेच पीयूसीच्या (इथली अकरावी-बारावी) प्रवेशाची धावपळ, आणि मदतीचा पहिला हप्ता फीच्या आधी पोहोचला नाही तर आईचा दागिना सोनाराकडं पोहोचतो. म्हणून मांडवावर ताडपत्री आणि गाद्यांखाली प्लास्टिक, हे ठरलेलंच.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, राजर्षी शाहू महाराज आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या प्रतिमांना हार, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ. पाहुण्यांच्या भाषणात १९०१ सालचं कोल्हापूरचं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग येतं, १९१९ सालची रयत शिक्षण संस्था येते, टाळ्या येतात, आणि मग पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम असतोच.

खरा मेळावा त्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर सुरू होतो. गेल्या वर्षी मदत घेतलेलं प्रत्येक मूल माईकपाशी येऊन दोन मिनिटांत आपल्या वहीतला हिशेब वाचतं. आभार मानायचे नाहीत आणि मंडळाचं नाव घ्यायचं नाही, एवढीच अट. ‘बसपास. वह्या बारा. गाईड, जुनं. चपला एक जोड. आजीच्या औषधाला दोनशे, ते दिवाळीत परत ठेवले. उरले पस्तीस.’ हे ‘परत ठेवले’ आलं की मागच्या रांगेतल्या आयांचे पदर डोळ्यांकडं जातात, आणि कार्यकर्ते उगीच खुर्च्या सरळ करू लागतात. किती भाषणं झाली त्या मांडवात, पण हिशेबाएवढं काळजाला भिडणारं दुसरं काही झालं नाही.

हिशेबाला घरखर्चाचा रकाना सुरुवातीला नव्हता. पैसा फक्त शिक्षणाला, असा कडक नियम होता, तेव्हा पोरांच्या वह्यांची संख्या भलतीच वाढायची. नियम काढला, रकाना घातला, वह्या पुन्हा बारावर आल्या. आणखी एक बदल आपोआप झाला. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमधून मुलींचा प्रवास फुकट झाला, त्यामुळे बसपासाचे पैसे आता बहुतेक मुलग्यांच्याच हिशेबात ऐकू येतात. मुलींच्या वहीत त्या जागी कॅल्क्युलेटर आला, कंपासपेटी आली.

पाकिटातली रक्कम तशी फार नसते. जास्त कामाचा असतो तो प्रत्येक मुलामागे नेमलेला पालकदादा किंवा पालकताई. एकाकडं चारच मुलं, पाचवं घेतलं की दर रविवारचा फोन महिन्यावर जातो. या मंडळींचं निम्मं काम कागदांचं. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा असते. बुद्धिमत्तेचे ९० प्रश्न, शालेय विषयांचे ९०, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. पेढे वाटले जातात आणि इथंच घात होतो. नुसत्या निवडीनं पैसे येत नाहीत. नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नवा अर्ज भरायचा असतो, पुढं दरवर्षी नूतनीकरण. ओटीपी वडिलांच्या फोनवर येतो, वडील तंबाखूच्या वखारीत, फोन खुंटीवर. शिवाय खुल्या आणि ओबीसी मुलांना दहावीत ६० टक्के लागतात, म्हणजे ६२५ पैकी ३७५, आणि पुढं विनाअनुदानित कॉलेज घेतलं की शिष्यवृत्ती थांबते. हे निकालानंतर सांगून उपयोग नाही, नववीच्या जूनमध्येच सांगावं लागतं.

विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. नववी-दहावीला २,०००, त्यापुढच्या दोन वर्षांना ३,०००. आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र असलं तरच. कैक घरांत वीस-वीस वर्षं विड्या वळून ओळखपत्र नाही, कारण ते कधी कुणी मागितलंच नव्हतं. म्हणून मेळाव्यात चहाच्या टेबलाशेजारी एक टेबल फक्त ओळखपत्रांचं असतं. गर्दी चहापेक्षा तिथं जास्त.

नावांचा घोळ तर सीमाभागाचा खास. शाळेच्या दाखल्यावर विठ्ठल एका स्पेलिंगनं, आधारवर दुसऱ्या, नाडकचेरीच्या (इथली महसूल कचेरी) उत्पन्न दाखल्यावर कन्नडातून आलेलं तिसरंच. संगणकाला ती तीन माणसं वाटतात. आमची रीत अशी, की आधी शाळेच्या नोंदीतलं नाव पक्कं धरायचं, मग आधार त्याला जुळवायचं, दाखला सगळ्यात शेवटी. उलट केलं तर सगळं दोनदा करावं लागतं. आणि पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातात हाही गैरसमज. आधारशी शेवटी जोडलेलं खातं जे असेल त्यात ते जातात. मग पोरगं रिकामं पासबुक घेऊन येतं आणि रक्कम भलत्याच बँकेत सापडते.

पीयूसीला विज्ञान घेतलेल्यांचे पहिले दोन महिने सगळ्यात नाजूक. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘संवेग’ येतो, ‘मोमेंटम’ ओळखू येत नाही. ‘त्वरण’ पाठ असतं, ‘अ‍ॅक्सिलरेशन’ ऐकून पेन थांबतं. त्यासाठी तीन रकान्यांची शब्दवही: मराठी शब्द, इंग्रजी शब्द, स्वतःचं उदाहरण. रोज पाच शब्द, जास्त नाहीत. उदाहरण पुस्तकातलं चालत नाही; ‘भरल्या पोत्याची हातगाडी थांबवायला जड जाते’ असलं चालतं. देवचंद कॉलेजला जाणाऱ्यांची तऱ्हा निराळी. कॉलेज निपाणीला लागून, पण अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. वस्ती तीच, पण बोर्ड बदलतं, अर्ज पडताळणारा जिल्हा बदलतो. एनएमएमएसच्या मुलांनी तिकडं जाण्याआधी दोनदा विचारावं.

हजेरीबद्दल बोलायचं नाही असं दरवर्षी ठरतं. पेरणीमुळं वडील येत नाहीत, ते समजतं. पण याच मांडवातून पाकीट घेऊन पुण्या-बेंगळुरूला लागलेले, ग्रुपवर टाळ्यांचे हात पाठवणारे, ते येतात बोटांवर मोजण्याइतके. वर्गणी पाठवतात, खोटं कशाला बोला. पण पालकदादा वर्गणीतून मिळत नाही.

आता आभार, नावं न घेता, पण एकही न गाळता. नाडकचेरीच्या रांगेत सकाळी आठपासून उभे राहणारे निवृत्त पोस्टमनकाका. कन्नड अर्ज वाचून समजावणारे कन्नडचे सर, आमच्या पोरांवर त्यांचा जीव मराठीच्या सरांइतकाच. गणिताच्या बाई. ओटीपीसाठी वखारीपर्यंत सायकल मारणारा नेटकॅफेवाला. बँकेतल्या मॅडम, ज्या आधारजोडणी जेवणाच्या सुट्टीत बघतात. जुन्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालणाऱ्या महिला मंडळाच्या काकू. उप्पीट आणि शिरा करणारे आचारीमामा, मांडववाले, लाईट गेली की आधी माईकची बॅटरी जोडणारा पोरगा. झेरॉक्सचे पैसे दिवाळीपर्यंत न मागणारे काका. आणि हो, सगळी पांगल्यावर खुर्च्या मोजून टेम्पोत चढवणारी नववीची पोरं. गेल्या खेपेला आभाराच्या यादीतून तीच राहून गेली होती.