आमची वाटचाल: गेरूच्या रंगाची भिंत

२००३ साली सांगलीत मामांनी आणि मी रंगकाम सुरू केलं तेव्हा भांडवल म्हणजे दोन लाकडी घोडे, एक शिडी आणि मामांचे ब्रश. मामा माझे सख्खे नव्हेत, अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. मूळचे पाट्या रंगवणारे. फ्लेक्स आला आणि त्यांचं अक्षर घरी बसलं, डोळा मात्र शाबूत राहिला. लाल, पिवळ्या आणि काळ्या स्टेनरचे, म्हणजे रंगात मिसळायच्या दाट रंगाचे, थेंब टाकत ते शेडकार्ड न बघता हवा तो तांबूस तपकिरी काढायचे. कडा मारायला एकच अडीच इंची ब्रश. केस झिजून निम्मे झालेले, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. नवा दिला तर म्हणायचे, "याचे केस भिंतीला चिकटतात. आधी वर्षभर चुन्यात फिरव, मग दे."

२०११ साली विश्रामबागेत एक बंगला मिळाला. मालकांना हॉलची मोठी भिंत गडद हवी होती, वीट आणि चॉकलेट यांच्या मधली. मी दर लावला नेहमीसारखा, दोन कोटांचा. तिथेच घात झाला. गडद शेड डीप बेस नावाच्या मूळ रंगात स्टेनर मिसळून काढतात, त्यात पांढरं जवळजवळ नसतंच, म्हणून तो खालचं झाकत नाही. पांढऱ्या प्रायमरवर चार कोट मारले तरी आतून पांढरट मारत होता. डबे संपले, चार लिटरचा एक नव्याने काढून आणला, त्याची शेड जरा वेगळी निघाली आणि भिंतीच्या मधोमध हातभर पट्टा उठून दिसायला लागला. मी घाबरून ब्रशने टचअप केलं. गडद मॅटवर, म्हणजे बिनचकाकीच्या रंगावर, टचअप म्हणजे इस्त्रीचा डाग. रात्री ट्यूबलाइट लावली आणि अख्खी भिंत जळक्या पोळीसारखी दिसली.

मालकांनी एक लाख चाळीस हजार अडकवले. दुकानदाराने उधारी बंद केली. बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या, पोरांची मजुरी त्यातून भागवली.

आणि त्या बंगल्यात पुढे कोण शिरलं? आमच्याच हाताखाली पुट्टी घासायला शिकलेला गडी! पुट्टीचा पत्रा कसा धरायचा हेसुद्धा त्याला मामांनी दाखवलेलं. त्याने भिंतीवर बदामी मारला आणि वर्षभर गावात सांगत फिरला, "त्यांना गडद जमत नाही." एका बिल्डरची सोळा फ्लॅटची ऑर्डर त्या वाक्यावर गेली. चूक माझी होती, ते कबूल. पण ज्याच्या ताटात जेवलास त्याच्याबद्दल असं बोलायचं?

तेव्हा गावभागातल्या बाईंचा फोन आला. निवृत्त चित्रकला शिक्षिका. म्हणाल्या, "तिथे बिघडला ना, तोच रंग माझ्या हॉलला लावा. मला गेरूसारखा हवाय. आणि मी खुर्ची टाकून बसणार आहे."

बसल्याच. मामांनी प्रायमरमध्येच स्टेनर घालून तो मातकट केला. सगळे डबे एका ड्रममध्ये ओतून एकजीव केले. पुढे मामा कड मारत, मागोमाग मी रोलर फिरवत, कड ओली असतानाच. भिंत अर्ध्यात सोडायची नाही, थांबायचं तर कोपऱ्यात. दोन कोटांत झाकला, तिसरा बाईंच्या हट्टापायी. संध्याकाळी बाईंनी पांढरी ट्यूब काढायला लावून पिवळा दिवा लावला. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ब्रश धुवायला गेले.

म्हणून सांगतो, विचारलं नसलं तरी: रंगाआधी दिवे ठरवा. शेडकार्डाच्या बोटभर चौकोनावर जाऊ नका, दोन फूट बाय दोन फूट मारून सकाळ-रात्र बघा. लहान मुलं असतील तर हात पोचेल तिथे गडद मॅट नको, डाग पुसायला गेलात की तिथे चकाकी येते.

मधली वर्षं कामं होत राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ च्या वर. बाईंच्या हॉलमध्ये छातीभर. दिवाळी ऑक्टोबरअखेर, सगळ्यांना रंग हवा. आमच्या त्या जुन्या गड्याने गल्लीच्या गल्ल्या उरकल्या. मी बाईंना थांबा म्हटलं. ओल्या भिंतीचा लोणा, म्हणजे वर फुटणारा पांढरा खार, फिक्या रंगावर एक वेळ खपतो. गेरूवर मीठ सांडल्यासारखा दिसतो. बाईंची दिवाळी पोपडे धरलेल्या भिंतीसमोर गेली. आम्ही कोरड्या ब्रशने लोणा झाडत राहिलो, तो यायचा थांबल्यावर २०२० च्या फेब्रुवारीत रंग चढवला.

मामा आता शिडी चढत नाहीत. ब्रश दुकानात खिळ्याला आहे.

गेल्या दिवाळीआधी त्या गड्याचा फोन आला होता. गडद शेडखाली प्रायमरमध्ये स्टेनर किती घालायचं, विचारत होता. मी अर्धंच सांगितलं. मामांना कळलं तेव्हा त्यांनी माझ्याच फोनवरून त्याला उरलेलं सांगून टाकलं.