तुम्ही विचारलंत म्हणून: चार दिवस गप्प राहिलेला मुलगा

निवृत्त झाल्यापासून तरुण मुलं भेटली की विचारतात, "मॅडम, इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये इतकी वर्षं टीम सांभाळलीत, त्यातून काय शिकलात?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

मी या क्षेत्रात आले तेव्हा आम्हाला मर्चंट बँकर म्हणत; कंपन्यांचे शेअर लोकांना विकून भांडवल उभं करून देणं हे आमचं काम. १९९२ मध्ये शेअरचे भाव ठरवणारं सरकारी कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूजचं कार्यालय बंद झालं आणि इश्यूचा, म्हणजे शेअरविक्रीचा, भाव कंपनी आणि बँकर मिळून ठरवू लागले. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला द्यायच्या ड्यू डिलिजन्स (कसून तपासणी) सर्टिफिकेटवर सही बँकरची. कंपनीनं जे सांगितलं ते आम्ही तपासलंय, असा तिचा अर्थ. पण सही करणारी बाई प्रत्येक कागद स्वतः उघडत नाही. ते उघडतात तेवीस-चोवीस वर्षांची मुलं, रात्री अकरा वाजता, क्लायंटच्या ऑफिसात बसून.

अशाच एका मुलाला दिसलं की कंपनीचा एक मोठा ग्राहक आणि कंपनी उभी करणाऱ्या प्रवर्तकाचा मेहुणा, दोघांचा पत्ता एकच आहे. म्हणजे विक्रीतला बराच भाग घरातल्या घरात. त्यानं ते मला सांगितलं चार दिवसांनी, इश्यूचा मसुदा सेबीकडे जायच्या आदल्या संध्याकाळी.

"अरे, इतके दिवस गप्प का?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मागच्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात ना, अडचणी घेऊन येऊ नका."

म्हणाले होते. मला ते आठवतही नव्हतं.

इश्यू थांबवला. फी गेली, प्रवर्तक चिडले. त्यानंतर रोज सकाळी मी टीमला एकच विचारायचे, "आज काय खटकतंय?" आणि पहिलं उत्तर सगळ्यांत ज्युनियरचं. वरिष्ठ आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. पहिले दोन आठवडे कुणीच तोंड उघडलं नाही. ती शांतता मला फार जड गेली.

२१ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी कोसळला. फेब्रुवारीत वोक्हार्ट हॉस्पिटल्स आणि एमार एमजीएफ या कंपन्यांनी आपले इश्यू मागे घेतले. आमचाही एक रांगेत होता. "ठरवलेला भाव आता मिळणार नाही," हे बैठकीत सगळ्यांत आधी बोलली ती रुजू होऊन आठच महिने झालेली मुलगी. नरिमन पॉइंटला क्लायंटकडे तिला बरोबर नेलं. वाईट बातमी मी दिली, ते माझं काम होतं. आकडे तिनं मांडले.

परतताना टॅक्सीत तिनं विचारलं, "मॅडम, मी जास्त बोलले का?"

मी म्हटलं, "नाही."