आदेनान सातेम आणि सारावाकची ती तीन वर्षं

क्वालालंपूरहून सारावाक राज्याच्या राजधानीत, कुचिंगला, उतरलेल्या दुसऱ्या राज्यातल्या मलेशियन माणसाला, म्हणजे त्याच देशाच्या नागरिकाला, इमिग्रेशनच्या काउंटरवर ओळखपत्र दाखवावं लागतं आणि राहायची परवानगी मिळते 90 दिवसांची. तिथे नोकरी करायची असेल तर वर्क परमिट वेगळं. आपल्याकडे नागालँडला जायला इनर लाइन परमिट लागतं ना, साधारण त्या जातीचं प्रकरण, पण इथे अधिकार फार मोठा आहे कारण कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही हे राज्य सरकार ठरवतं. 1963 साली मलेशिया बनताना सारावाकने ज्या अटी घातल्या त्यातली ही एक.

माझा एक मित्र सारावाकमधल्या मीरी शहरात ऑइलमध्ये कामाला होता, त्याच्याशी गप्पा मारता मारता मला सारावाकच्या राजकारणाचा नाद लागला, आणि त्यात सगळ्यात जास्त वाचलं असेल तर आदेनान सातेम या माणसाबद्दल, 2014 ते 2017 ते तिथले मुख्यमंत्री होते. मराठीत त्यांच्यावर काही सापडलं नाही म्हणून लिहितोय.

आधी पार्श्वभूमी. सारावाक म्हणजे बोर्नियो बेटावरचं राज्य, मलेशियाच्या एक तृतीयांशाहून जास्त जमीन एकट्या या राज्यात. जंगल, तेल, गॅस सगळं आहे, आणि आतल्या भागात अशी गावं की जिथे नदीतून बोटीने किंवा लाकूडतोडीच्या कच्च्या रस्त्याने जायचं. 1970 ते 1981 तिथे मुख्यमंत्री होते अब्दुल रहमान याकूब, त्यांच्यानंतर आले त्यांचे सख्खे भाचे ताईब महमूद, आणि ते बसले ते थेट 2014 पर्यंत, 33 वर्षं. मामा-भाचे मिळून 44 वर्षं. या काळात जंगल तोडायचे परवाने कोणाला मिळाले, पाम ऑइलच्या मळ्यांना जमिनी कशा गेल्या, ताईब यांच्या घरच्यांकडे एवढी संपत्ती कुठून आली, यावर जगभर लिहिलं गेलंय. ताईब यांनी आरोप कायम नाकारले आणि त्यांच्यावर कधी खटला उभा राहिला नाही.

आदेनान याच व्यवस्थेत वाढलेले, बाहेरून आलेले नाहीत, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. जन्म 1944 चा कुचिंगचा, कायद्याचं शिक्षण ऑस्ट्रेलियात ॲडलेडला, 1979 ला पहिल्यांदा आमदार. ताईब यांचे एके काळचे मेहुणे, त्यांच्याच पीबीबी या राज्यातल्या सत्ताधारी पक्षात, त्यांच्याच मंत्रिमंडळात बरीच खाती सांभाळलेली. 2004 ते 2006 केंद्रात नैसर्गिक साधनसंपत्ती आणि पर्यावरण खात्याचे मंत्री. मग पुढची काही वर्षं ते जवळजवळ बाजूलाच पडले, तब्येतही साथ देत नव्हती. त्यामुळे 28 फेब्रुवारी 2014 ला वयाच्या 70 व्या वर्षी त्यांनी शपथ घेतली तेव्हा बहुतेकांना वाटलं की ताईब राज्यपाल होऊन वर बसलेत आणि खाली त्यांचाच माणूस ठेवलाय. मला विचाराल तर हा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, पण निम्माच खरा निघाला.

कारण पहिल्या वर्षातच त्यांनी लाकडाच्या धंद्याला हात घातला. राज्यातल्या सहा बड्या टिंबर कंपन्यांच्या प्रमुखांना बोलावून त्यांच्याकडून सचोटीच्या शपथेवर सह्या घेतल्या, नवे परवाने देणार नाही आणि पामसाठी नवी जमीनही देणार नाही असं जाहीर केलं, आणि 2015 ला भ्रष्टाचारविरोधी आयोगाने बेकायदा तोडीच्या तपासात शेकडो बँक खाती गोठवली. ज्या राज्यात लाकडावर बोट ठेवायचं म्हणजे थेट सत्तेवर बोट ठेवायचं, तिथे खुद्द मुख्यमंत्री म्हणतो की हो, चोरी होते. ही साधी गोष्ट नाही.

बाराम धरणाचं मात्र जरा नीट सांगतो, कारण श्रेय कोणाचं हा प्रश्न तिथे येतो. बाराम नदीवर 1200 मेगावॅटचं धरण बांधायचं ठरलं होतं, त्यात केन्याह, कायान आणि पेनान या आदिवासी लोकांची वीसेक गावं पाण्याखाली जाणार होती. याआधी सारावाकमधल्याच बाकुन धरणासाठी साधारण दहा हजार लोक उठवून सुंगाई आसापला नेऊन वसवले होते, आणि तिथे जमीन कमी, शिकार नाही, नदी लांब, हे सगळं बारामच्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तिथे त्यांचे नातेवाईकच राहत होते ना. मग ऑक्टोबर 2013 पासून त्यांनी धरणाच्या जागेकडे जाणारा रस्ता अडवला. लाकडी झोपड्या उभ्या केल्या, गावागावांनी पाळ्या लावल्या, एका गावची माणसं आली की आधीची घरी शेतावर जाणार, तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपायचं, आणि सर्व्हेची गाडी आली की परत पाठवायची. म्हातारी माणसंसुद्धा पाळीला बसायची. झोपड्या मोडल्या की परत बांधायच्या. हे दोन वर्षं चाललं. नंदुरबारच्या सरदार सरोवरग्रस्तांचं ज्यांनी पाहिलंय किंवा वाचलंय त्यांना यातलं किती ओळखीचं वाटेल!

आदेनान यांनी या लोकांची गाठ घेतली, 2015 ला काम थांबवलं आणि मार्च 2016 मध्ये त्या जमिनीचं संपादनच रद्द केलं. माझ्या मते धरण लोकांनी थांबवलं, पण ऐकणारा मुख्यमंत्री तिथे त्या वेळी होता म्हणून ते कागदावर आलं. याच्या आधीच्या सरकारला हेच लोक दिसत नव्हते का? दिसत होते की.

भाषेच्या बाबतीतही तसंच. नोव्हेंबर 2015 मध्ये त्यांनी मलयबरोबर इंग्रजीही राज्य कारभाराची भाषा म्हणून जाहीर केली, चिनी खाजगी शाळांचं यूईसी नावाचं सर्टिफिकेट केंद्र सरकार मानत नाही पण आम्ही राज्याच्या नोकरीला मानणार असं सांगितलं (अशा 14 शाळा आहेत सारावाकमध्ये) आणि चिनी वंशाच्या मलेशियन लोकांना बाहेरचे म्हणणाऱ्यांना जाहीर फटकारलं. द्वीपकल्पावर, म्हणजे क्वालालंपूरकडच्या मलेशियात, वंशाचं राजकारण भलतंच तापलेलं असताना एक मलय मुस्लिम नेता हे बोलतोय, म्हणून सिबू-कुचिंगच्या चिनी मतदारांनी ते मनावर घेतलं.

7 मे 2016 ला निवडणूक झाली. त्यांनी सरळ सांगितलं, मला पाच वर्षं द्या, मग मी निवृत्त होतो. त्यांचा पक्ष केंद्रातल्याच सत्ताधारी युतीत होता, पण पोस्टरवर युतीपेक्षा मोठा त्यांचाच चेहरा, कारण केंद्रात पंतप्रधान नजीब यांच्यावर 1एमडीबी या सरकारी निधीच्या घोटाळ्याचा चिखल होता. आदेनानना मत म्हणजे नजीबना मत, असं विरोधक ओरडून सांगत होते, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, 2013 ला केंद्रातल्या सत्ताधारी युतीच्या 133 पैकी 25 खासदार सारावाकचे होते. पण लोकांनी 82 पैकी 72 जागा दिल्या. डीएपी हा विरोधी पक्ष 12 वरून 7 वर आला.

आता जे मला खटकतं ते. वर म्हटलं ते इमिग्रेशन, ते याच निवडणुकीच्या वेळी द्वीपकल्पातल्या विरोधी नेत्यांना अडवायला वापरलं, निवडून आलेल्या खासदारांना एअरपोर्टवरून परत पाठवलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेट्रोनासने, म्हणजे केंद्राच्या सरकारी तेल कंपनीने, स्थानिक लोकांना कामावरून काढलं तेव्हा तोच अधिकार वापरून बाहेरच्यांचे पेट्रोनाससाठीचे वर्क परमिट रोखले. दुसऱ्याला मी पूर्ण पाठिंबा देईन, पहिल्याला अजिबात नाही, राज्याची स्वायत्तता ही सत्ताधारी पक्षाची कुंपणाची तार नव्हे. आणि ताईब यांच्या काळातल्या जमिनींच्या, परवान्यांच्या मुळाशी ते गेलेच नाहीत. कदाचित जाणारही नव्हते.

11 जानेवारी 2017 ला हृदयविकाराने ते गेले, 72 वर्षांचे होते. मागितलेल्या पाचांपैकी आठ महिनेच मिळाले. त्यांच्या तांजुंग दातू मतदारसंघातून पुढच्याच महिन्यात त्यांच्या पत्नी निवडून आल्या, मुख्यमंत्री झाले आबांग जोहारी.

तेलाचा मुद्दा मात्र पुढे गेला. सारावाकला तेलाची फक्त 5 टक्के रॉयल्टी मिळते, ती 20 करा असा ठराव आदेनान यांच्या पहिल्याच वर्षी विधानसभेत एकमताने झाला होता, विरोधकांसकट. रॉयल्टी काही वाढली नाही. पण आबांग जोहारी सरकारने 2019 पासून पेट्रोलियमवर राज्याचा विक्रीकर लावला, पेट्रोनास कोर्टात गेली, हरली, आणि 2020 मध्ये थकबाकीचे जवळपास 3 अब्ज रिंगिट तिला भरावे लागले.