खडी की खडीसाखर?

नवी मुंबईजवळच्या पारसिकच्या डोंगराकडे बघून कुणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही. खडीचे डंपर, धूळ आणि काळा कातळ. पण दख्खनच्या याच जातीच्या दगडाच्या पोटात, लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत खनिजांचं पाणी झिरपलं आणि स्फटिक धरले. अपोफिलाइट म्हणजे हुबेहूब खडीसाखर, प्रेहनाइट म्हणजे हिरव्या द्राक्षांचा घड, ओकेनाइट म्हणजे जत्रेतले म्हातारीचे केस. असले फोटो फिरू लागले की मीम ठरलेलं: ‘खायचं नाही हे कळतंय, पण जरा चाटू का?’

चाटण्याला शास्त्राचा आधार आहे, हे त्यातलं खरं गंमतीचं. कोरड्या, खरखरीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो. ओला केला की कण आणि रंग स्वच्छ दिसतात. शास्त्रज्ञांना दगड चाटायला का आवडतं, यावर 2023 साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीससुद्धा मिळालं. सैंधव खुशाल चाटा, ते मीठच आहे. गॅलेना हे शिशाचं खनिज आणि सिनाबार हे पाऱ्याचं; तिथे जीभ आत.

रील्सवाल्यांना हे ओलेपण बरोबर कळलंय. कॅमेऱ्याआधी स्प्रेचा एक फवारा, की मळकट तुकडाही लखलखतो. विकत घ्यायचा असेल तर कोरड्या तुकड्याचा, खिडकीच्या उजेडातला, फिल्टर नसलेला व्हिडिओ मागावा. टाळाटाळ झाली तर पैसे वाचले समजा.

ओकेनाइटला मात्र जीभ सोडा, बोटही नको. तो मऊ गोळा म्हणजे केसासारख्या बारीक स्फटिकांची गर्दी. दाबलं की ते मोडतात किंवा चिकटून बसतात. ओले झाले की लडी होतात, आणि वाळल्यावर पुन्हा फुलत नाहीत. म्हणून धुवायचा नाही. धूळ बसलीच तर लेन्स साफ करायच्या रबरी ब्लोअरने लांबून हलकी हवा. उचलताना हात फक्त खालच्या काळ्या दगडाला. कुरिअरने पाठवताना भलेभले चुकतात: नाजूक आहे म्हणून कापसात गुंडाळतात. मग कापसातून कापूस वेगळा करत बसा! दगडाचा तळ डबीला पोस्टर चिकटवायच्या पुट्टीने चिकटवायचा, केसांना चारी बाजूंनी मोकळी जागा ठेवायची, आणि ती डबी दुसऱ्या खोक्यात गच्च बसवायची.

अपोफिलाइटवर तपकिरी डाग दिसला की कुणीतरी संडासचं ॲसिड सुचवतंच. त्याने डागाआधी चकाकी जाते. कढत पाणीही नको. तापवलं की याचे पापुद्रे सुटतात, ग्रीक नावातही तेच आहे. साधं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश, बस्स.

राहिला लॉमोंटाइट, त्याच पोकळ्यांतला आणखी एक स्फटिक. पावसाळ्यात, वाशीच्या दमट हवेत तो बरा तग धरतो. हॉलमध्ये एसी लावून त्याला काचेच्या कपाटात सजवलं, की कोरड्या हवेत अंगातलं पाणी सोडू लागतो, आधी पांढुरका पडतो, मग कडा झडतात आणि बोट लागताच भुगा होतो. खडीसाखरेची पिठीसाखर.