तुम्ही विचारलंत म्हणून : रूळही नाहीत, मग बघता काय?

मंडळाच्या गणपतीत विचारता, बारशाला विचारता, एकदा तर अंत्यदर्शनाच्या रांगेत कुणीतरी कुजबुजत विचारलं होतं. "अहो, त्या बंद पडलेल्या रेल्वेचे आता रूळसुद्धा नाहीत म्हणे. मग मोहावीच्या वाळवंटात जाऊन तुम्ही बघता तरी काय?" मी "सहज, हवापालट" म्हणतो आणि पानाकडे वळतो. चाळीस अंशांत कसली डोंबलाची हवापालट! तुम्हीही विषय सोडता, पण नंतर माझ्या बायकोला बाजूला घेऊन "घरी सगळं ठीक ना?" असं विचारता, तेही मला कळतं. म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

रूळ नाहीत हे खरं. टोनोपा अँड टाइडवॉटर रेल्वे 1940 मध्ये बंद पडली आणि युद्धाला लोखंड हवं म्हणून 1942-43 मध्ये रूळ उपटून नेले. उरला तो भराव, कुठे कुजके स्लीपर, कुठे गंजका खिळा. (खिळे मी उचलत नाही. हेही विचारून झालंय.) नाव टोनोपा आणि टाइडवॉटर, पण ही गाडी ना टोनोपा या खाणगावाला पोचली, ना समुद्राच्या भरतीला. कॅलिफोर्नियातल्या लडलोपासून नेवाडात बीटीजवळच्या गोल्ड सेंटरपर्यंत, सुमारे 270 किलोमीटर, एवढीच तिची धाव. बांधली फ्रान्सिस मॅरियन स्मिथने, म्हणजे टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) सम्राटाने. आपण कॅरमवर भुरभुरवायचो ती बोरिक पावडर याच टाकणखाराची लेक. डेथ व्हॅलीचा टाकणखार आणि बीटीजवळच्या रायोलाइट गावचं सोनं, दोन्ही वाहून आणायचा त्याचा बेत होता. 1907 मध्ये मार्ग पुरा झाला, तोवर प्रतिस्पर्धी सिनेटर क्लार्कची गाडी लास व्हेगासहून वर्षभर आधीच तिथे पोचली होती आणि 1907 मध्येच बाजारही कोसळला. रायोलाइटला तीन मजली बँक होती. 1910 च्या जनगणनेत गावात उरली माणसं 675. पुढे गाडी टाकणखारावर जगली, आणि 1927 मध्ये कंपनीने खाणकामच दुसरीकडे हलवलं तेव्हा तोही आधार गेला.

माझा भाऊ म्हणतो, "मूर्तिजापूरचा ना तू? मग शकुंतलेवर ये की." नाही जमत. शकुंतलेत, आमच्याकडच्या त्या छोट्या रुळांच्या गाडीत, बसून मी मामाकडे यवतमाळला गेलोय. तिच्याकडे असं लांबून, हिशेबाने बघता येत नाही.

आणि मी बघतो तो हिशेबच. नोकरीत मी पावसाळी गटारांची गणितं करतो, हे तुम्हाला माहीत आहे. माझं गणित चुकलं तर ते डांबराखाली गाडलं जातं. वाळवंटात रेल्वेला वाळू मारत नाही, पाणी मारतं. वर्षातले जवळजवळ सगळे दिवस कोरडा असलेला ओढा एका दुपारी भराव घेऊन जातो. सिल्व्हर लेक हे कोरडं तळं 1916 मध्ये मोहावी नदीच्या पुराने भरलं आणि रूळ पाण्याखाली गेले. मग कंपनीला कडेने नवा मार्ग बांधावा लागला. 1938 च्या पुराने पुन्हा दणका दिला. कुठे भरावाखालून पाणी जायची मोरी लहान ठेवली, कुठे लाकडी पूल आखूड पडला, हे शंभर वर्षांनंतरही उघड्यावर दिसतं. कुणाची तरी चूक, न झाकलेली. ती बघतो.

इथे थांबलो असतो तर उत्तर छान झालं असतं. पण तुमच्यातल्या निम्म्या लोकांना त्या एप्रिलच्या शनिवारबद्दल विचारायचं असतं, आणि ते न विचारता तुम्ही रुळांबद्दल विचारता.

तीन गाड्या, अकरा माणसं. ग्रुपवरचा माझा संदेश अजून फोनमध्ये आहे : "रस्त्याची काळजी नको. रेल्वेनेच करून ठेवलाय. चढ अगदी सौम्य." चढ सौम्य होता, हे मी आजही सांगेन. रेल्वेचा चढ सौम्यच असतो. पण ओढ्यांवरचे पूल गेलेले असतात आणि तिथे भराव मध्येच संपतो, हे मला माहीत होतं. ते मी लिहिलं नाही. का नाही लिहिलं? लिहिलं असतं तर कुणी आलं नसतं.

रेझरहून क्रुसेरोच्या दिशेने, म्हणजे या रेल्वेच्या एका जुन्या थांब्याकडून दुसऱ्याकडे, निघालो. दुसऱ्या तुटलेल्या जागी ओढ्यात उतरलो आणि माझ्या मित्राची गाडी आसापर्यंत रुतली. टायरची हवा कमी करायला हवी होती, पण परत भरायचा पंप कुणाकडेच नव्हता, म्हणजे मी आणला नव्हता. स्टीलच्या ताटांनी वाळू उपसली, चाकाखाली सतरंज्या घातल्या, त्या चाकाने मागे भिरकावल्या. अकरा जणांत अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्या. फोनला रेंज नाही. लांबवर युनियन पॅसिफिकची मालगाडी गेली, एकावर एक कंटेनर, आणि मुलांनी डबे मोजले. माझ्या मुलीचा आकडा एकशे बारा होता. एवढी मोठी गाडी, आणि आम्हाला तिचा काडीचा उपयोग नाही.

मित्राची आई, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो, नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मधुमेह. इन्शुलिन सकाळी घेतलेलं, आणि जेवणाची ताटं वाळूत. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा सुनेने पर्समधली चिक्की त्यांच्या तोंडात घातली.

मी तिथे नव्हतो. मी पन्नास पावलांवर त्या कापल्या गेलेल्या भरावाचे फोटो काढत होतो. खालचा थर, वरचा थर, पाण्याने नेमकं कुठून पोखरलं ते. ताटं दोनच हाताशी होती, उपसायला चार जण होते, पाचव्याचं तिथे काम नव्हतं, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. शिवाय काकूंना त्रास होतोय हे मला कळलंच नाही, असंही म्हणत आलो. कळलं नाही, कारण मी त्या बाजूला पाहिलं नव्हतं.

चार तासांनी वाळूत बग्गी पळवणारी दोन पोरं आली आणि दहा मिनिटांत दोर लावून गाडी काढून गेली. मित्र परतीच्या वाटेवर एकच वाक्य बोलला : "आई थरथरत होती आणि तू मोरी बघत होतास." तिथे मोरी नव्हती, लाकडी पूल होता. हे मी त्याला तेव्हा सांगितलं. सांगायला नको होतं, इतपत अक्कल आता आली आहे. पण तो पूलच होता.

त्यानंतर तो बोललेला नाही. काकू दिवाळीला फोन करतात, माझ्या बायकोच्या फोनवर.

ते फोटो मी ठेवले आहेत. चांगले आलेत. कधी वाटतं पुसून टाकावेत, मग भरावाखालचा तो पोखरलेला थर मोठा करून बघतो आणि तसंच राहतं.

येत्या शनिवारी सिल्व्हर लेकला चाललोय. एकटाच. पाणी वीस लिटर, पंप नवीन घेतलाय.