शून्य तिकिटाचा रविवार

बेळगाव–खानापूर मार्गावर मी कंडक्टर आहे. 11 जून 2023 रोजी कर्नाटकात ‘शक्ती’ योजना सुरू झाली आणि महिलांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला, तेव्हापासून आमच्या कामाचे स्वरूपच बदलले. मोफत म्हणजे तिकीट नाही, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रत्येक महिलेचे आधारसारखे ओळखपत्र पाहून, त्यावर कर्नाटकाचा पत्ता असल्याची खात्री करून, मशीनवर शून्य रकमेचे तिकीट काढून तिच्या हातात द्यावेच लागते, कारण या तिकिटांच्या हिशोबावरच सरकारकडून भरपाई येते. एक तिकीट कमी पडले तर कंडक्टरचा निष्काळजीपणा ठरतो आणि एक जास्त निघाले तर खोटी तिकिटे काढून आकडा फुगवल्याचा संशय येतो. पिरनवाडी ते मच्छे हे थोडेसे अंतर, त्यात उद्यमबागेतून चढलेली गर्दी, आणि तेवढ्यात साठ माणसांतून वाट काढत भाड्याचा टप्पा, म्हणजे स्टेज, बदलायच्या आत सगळ्यांची तिकिटे पुरी करणे हे कसब आहे, आणि ते मला येते, हे मी अभिमानाने सांगते.

ती बाई मला प्रथम एका रविवारी दिसली. पन्नाशीच्या आसपासचे वय, घट्ट बांधलेला अंबाडा, हातात कापडी पिशवी. सकाळी साडेनऊच्या फेरीला ती खानापूरला आली, स्टँडवर उतरली, पाणी प्यायली आणि आमचीच गाडी परत निघाली तेव्हा पुन्हा चढून त्याच खिडकीशी बसली. पुढच्या फेरीलाही तेच. त्या दिवशी गर्दी होती आणि लेकरू कडेवर घेतलेली एक बाई उभी होती, म्हणून मी तिला म्हणाले, “मावशी, तुम्ही सकाळपासून बसलाय, जरा उठा.” ती काही न बोलता उठली आणि खानापूरपर्यंत दांडीला धरून उभी राहिली. ते माझे बोलणे मला अजून सलते.

तिची माहिती पुढे थोडी थोडी कळली. ती बीदर जिल्ह्यातील औराद तालुक्याची. मराठी आपलीच, पण बोलण्याची ढब मराठवाड्याची. बेळगावच्या टिळकवाडीत एका घरी ती चोवीस तासांची बाई म्हणून राहते आणि अंथरुणाला खिळलेल्या आजींचे सगळे करते. महिन्यातून दोन रविवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, अशी तिला सुट्टी. आधी ती कपिलेश्वराच्या देवळात बसे, किल्ला तलावाकाठी बसे, कॅम्पातल्या मिलिटरी महादेवाच्या बागेतही गेली. पण एकट्या बाईने तासन् तास एका जागी बसले की कुणीतरी येऊन विचारतेच, कुणाची वाट बघताय म्हणून. घरी थांबावे तर आजी हाक मारतात आणि सुट्टी तिथेच संपते. “गाडीत बसलं की कुणी काही विचारत नाही, ताई. खिडकी असते, वारं लागतं,” असे तिने मला सांगितले.

याच गाडीत चंदगड तालुक्यातल्या दोघी-तिघी ओळखीच्या आहेत. त्याही टिळकवाडीत घरकाम करतात आणि उद्यमबागेपर्यंत येतात. त्यांचे गाव सीमेवरच्या शिनोळीच्या पलीकडे, तासाभराच्या अंतरावर, पण आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असल्यामुळे माझ्या गाडीत त्यांना पूर्ण पैसे मोजावे लागतात. 17 मार्च 2023 पासून महाराष्ट्राच्या लाल परीत महिलांना अर्धे तिकीट आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतेच. ज्यांना घरी जाता येण्यासारखे आहे त्यांना भाडे पडते, आणि जिला भाडे नाही तिचे गाव चारशे किलोमीटरांहून लांब आहे; एका दिवसात जाऊन परतणे तिला शक्य नाही.

तो प्रसंग मच्छेला घडला. दुपारच्या फेरीत तपासणी पथक चढले. तपासनीस कडक, पण कामाला चोख, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी डोकी मोजली, मशीनचा अहवाल काढला, तिकिटे जुळली. मग त्यांची नजर त्या बाईवर स्थिरावली. सकाळी पिरनवाडीला आमचीच गाडी तपासताना त्यांनी तिला पाहिले होते. “येल्लिगे?” त्यांनी विचारले. तिने खानापूर सांगितले. सकाळीही खानापूर, आताही खानापूर. ते माझ्याकडे वळले आणि ही तुमची कोण लागते, असे सर्वांसमोर विचारले. ओळखीच्या बाईला दिवसभर बसवून मी शून्य तिकिटांची संख्या वाढवते आहे, असा त्या प्रश्नाचा अर्थ होता. असा शेरा एकदा कागदावर पडला की चौकशी मागे लागते.

मी काही बोलण्याआधी तिने पिशवीतून लहान बटवा काढला. त्यात तिकिटे होती, एकावर एक नीट घडी घातलेली. त्या दिवसाची तीन तिने वर काढून दिली. वेळ, थांबे, मशीनचा क्रमांक, सगळे माझ्या अहवालाशी जुळले. खाली मागच्या रविवारांचीही होती. एवढी तिकिटे कशाला ठेवता, असे तपासनीसांनी या वेळी मराठीतून विचारले. तिने खाली मान घालून उत्तर दिले, “घरी दाखवायला लागतात. दिवसभर कुठं होतीस म्हणून इचारतात.”

गाडीत क्षणभर कुणीच बोलले नाही. मग मागून एक गृहस्थ म्हणाले, फुकट आहे म्हणून बायका नुसत्या हिंडतात. पैसे मोजून बसलेल्या पुरुषाला तो कशासाठी फिरतो हे कुणी विचारत नाही, आणि नियमातही प्रवासाचे कारण विचारायची तरतूद नाही. मी तसे त्यांना बोलून दाखवले. तपासनीसांनी शेरा लिहिला नाही, उतरताना फक्त म्हणाले, “यांना सांगा, बस फिरायला नसते.” मी तिला ते सांगितले नाही.

माझी साप्ताहिक सुट्टी कायद्याने बांधलेली आहे. त्या दिवशी मी कुठे होते, हे मला आगारात कुणी विचारत नाही. घरकामगारांना आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती मिळावी, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 मध्ये केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. कर्नाटकाने 2004 मध्येच घरकामाला किमान वेतन लागू केले. पण सुट्टीत त्या बाईने बसायचे कुठे, हे यातल्या कशानेच सुटत नाही.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तिने बटव्यातले एक जुने तिकीट मला दाखवले. आमच्या मशीनचा कागद उष्णतेवर छापणारा असतो. दिवस गेले की अक्षरे उडतात. ते तिकीट कोरे झाले होते. “ताई, वेळ जरा नीट उमटू द्या,” ती म्हणाली. रोल संपत आला होता, कडेला लाल रेघ दिसू लागली होती. मी गाडी सुटण्याआधी नवा रोल घातला आणि तिचे तिकीट काढले. आता ती येणार असेल त्या रविवारी मी नवा रोल खिशात घेऊनच निघते. मी तिच्या सुट्टीला हातभार लावते आहे की तिच्यावर पहारा ठेवणाऱ्यांना, हे मला ठरवता आलेले नाही.